ऐकून काढलेले चेहरे

अठरा वर्षं मी चोरांची चित्रं काढली आणि त्यातला एकही चोर मी पाहिलेला नव्हता. हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून म्हटलं, "सर, हैदराबादेत आता बाहेर पडायची सोय उरली नाही असं सगळे म्हणतात. तुम्ही पोलिसांबरोबर काम केलंय, खरं काय ते लिहा." मी म्हणालो, बाई, शहरात गुन्हे किती होतात हे मला ठाऊक नाही. लोकांच्या डोक्यात गुन्हेगार कसा दिसतो, तेवढं मात्र ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. म्हणून बसलोय.

मी मूळचा चित्रकलेचा मास्तर. जामबागेतल्या एका शाळेत नोकरी, राहायला चिक्कडपल्लीत. घरात मराठी, शाळेत मराठी-हिंदी, रस्त्यावर दखनी आणि भाजीवाल्याशी तेलुगू, अशी आम्हा इथल्या मराठी माणसांची नेहमीची खिचडी. एका पालकसभेला एक सब-इन्स्पेक्टर आपल्या मुलीचं प्रगतिपुस्तक घ्यायला आले. वर्गाच्या भिंतीवर मी काढलेली शिपायाची, घंटावाल्याची व्यक्तिचित्रं होती. ती पाहून त्यांनी विचारलं, "सार, देखे बगैर तस्वीर उतार सकते क्या?" मी म्हणालो, देखेंगे. त्या एका शब्दावर माझी दुसरी नोकरी सुरू झाली. महिन्यातून तीन-चारदा कुठल्या ना कुठल्या ठाण्यातून बोलावणं यायचं, आणि मी शाळा सुटली की कागद, पेन्सिली आणि खोडरबर घेऊन निघायचो. आता हे काम संगणकावर होतं. एका नाकाच्या जागी दुसरं नाक सरकवून बघतात म्हणे. बरंच आहे, संगणकाला कुणाची भीड पडत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की साक्षीदार सांगत जातो आणि आपण काढत जातो. तसं नसतं. नाक कसं होतं, असं विचारलं की माणूस जे नाक सांगतो ते त्याने पाहिलेलं नसतं, त्याच्या मनातल्या चोराचं असतं. म्हणून मी नाकाचं कधी विचारलं नाही. मी विचारायचो, तुम्ही तेव्हा काय करत होता, हातात काय होतं, ऊन कुठून येत होतं, तो पहिल्यांदा काय बोलला. माणूस त्या जागी जाऊन उभा राहिला की चेहरा आपोआप येतो, तुकड्यातुकड्यांनी. माझे चार नियम होते. साक्षीदार खिडकीशी बसवायचा. त्याला चहा द्यायचा. खोलीत दुसरं कोणी नको, नवरा तर नकोच. आणि चौथा नियम असा की, "हो, असाच," असं जो पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ज्याने खरंच पाहिलेलं असतं तो आपला जीव खातो. नाही मास्तर, असं नाही, डोळे एवढे मोठे नाहीत, पुसा, परत काढा. खोडरबर संपवणारा साक्षीदार हाच खरा साक्षीदार.

आणि लोकांच्या मनातला चोर म्हणाल तर तो सगळ्यांचा एकच. काळा, दांडगा, भुवया जाड, गालावर जमलं तर एखादा वण. शिवाय तो नेहमी लांबून आलेला असतो. मुशी नदीच्या अलीकडचे लोक मला सांगायचे की चोर पलीकडचा होता, आणि पलीकडचे खात्रीने सांगायचे की आमच्याकडे असले लोक नाहीत, अलीकडून येतात. मी दोन्हीकडची चित्रं काढली. शेजारी शेजारी ठेवली असती तर सख्खे भाऊ वाटले असते.

बेगम बाजारात मसाल्याचे एक ठोक व्यापारी होते. दुकानात शिरून कुणीतरी सुरा दाखवून त्यांचं घड्याळ आणि अंगठ्या काढून नेल्या. शेटजींनी असा काही दैत्य उभा केला की तो कागदात मावेना. पुढे चोर सापडला. चष्मा लावणारा, सडपातळ, मिरचीच्या वासाने सारखा शिंकणारा माणूस. ओळखपरेड झाल्यावर शेटजींचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सार, घर में सबको वो फोटो दिखा दिया मैं. अब ये निकला. कैसा करूं?" लुटलं गेल्याचं दुःख नव्हतं, असल्या किरकोळ माणसाकडून लुटलं गेल्याचं होतं. मी त्यांना ते चित्र देऊन टाकलं. ते त्यांनी जपून ठेवलंय असं ऐकतो.

उलट एक कॉलेजात शिकणारी मुलगी होती. तिची पर्स हिसकावून पळणारा माणूस तिने जेमतेम दोन क्षण पाहिलेला. पण तिने तीन तास माझ्याकडून खोडून घेतलं. शेवटी म्हणाली, "याच्या चेहऱ्यावर राग नव्हता सर, कंटाळा होता. तो आणा." मी तो आणला. चारच दिवसांत माणूस मिळाला. चेहऱ्यावरचा कंटाळा ओळखणारी ती पोरगी आठवली की आजही मला मनापासून तिला नमस्कार करावासा वाटतो.

हे सगळं कौतुकाचं झालं. आता जे सांगायचं टाळत आलो ते सांगतो.

आमच्या गल्लीच्या पुढच्या अपार्टमेंटमध्ये वत्सलाबाई राहतात. जामबागेच्या आमच्याच शाळेच्या त्या माझ्या आधीपासूनच्या मुख्याध्यापिका. मी नोकरीला लागलो तो त्यांच्या सहीने, आणि त्या निवृत्त झाल्यावरही रस्त्यात दिसल्या की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. वय सत्तरीच्या पुढे, यजमान वारलेले, मुलगा-सुनेकडे राहणं. रोज सकाळी एकट्या पायी वाचनालयात जायच्या आणि दोन वर्तमानपत्रं वाचून परत यायच्या. मुलाला ते आवडत नसे. "आई, दिवस कसले आलेत, व्हॉट्सॲपवर बघतेस ना," हे त्याचं पालुपद.

एके दिवशी बाई वाचनालयातून परत आल्या त्या हातातल्या चार सोन्याच्या बांगड्या आणि गळ्यातली माळ गमावून. त्यांनी सांगितलं, एकाने सुरा दाखवून सगळं हिसकावून घेतलं. तासाभरात ती बातमी सगळ्या चिक्कडपल्लीत पसरली. गल्लीत कॅमेरा होता, पण तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीकडे तोंड करून लावलेला. सेक्रेटरींची गाडी त्यात फार सुरेख दिसत होती.

आमच्या ठाण्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी मला बोलावलं. बाई ठाण्यात येणार नाहीत, तुम्हीच घरी जा, म्हणाले. गेलो तर दिवाणखान्यात वीसेक माणसं. मुलगा, सून, सेक्रेटरी, खालच्या-वरच्या मजल्यावरचे. माझ्या नियमाप्रमाणे मी सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं. पण बाईंच्या घरात, बाईंसमोर, मी कुणाला बाहेर काढणार? मी सतरंजीवर बसलो आणि पेन्सिल काढली.

"काळा होता," बाई म्हणाल्या. "दांडगा."

"भुवया?"

"जाड असतील."

"इदर का नै होना," सेक्रेटरी मागून म्हणाले. "बाहर से आए सो लोगां हैं ये."

हनुवटीचं विचारलं, कानाचं विचारलं, बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. चित्र तर पुरं करायचं होतं, वीस माणसं वाट बघत होती, म्हणून मी हनुवटी काढली, कान काढले, कपाळावर दोन आडव्या आठ्या घातल्या. कागद त्यांच्यापुढे धरला. "हो," त्या लगेच म्हणाल्या, "असाच." मला तेव्हाच थांबायला हवं होतं. माझा स्वतःचा चौथा नियम माझ्या तोंडावर येऊन उभा होता. पण दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी जे केलं असतं ते बाईंच्या बाबतीत केलं नाही. मुख्याध्यापिका खोटं बोलतात, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

खाली उतरलो तर कोपऱ्यावर फुलांची टोपली घेऊन बसणारी एल्लम्मा मला हाक मारायला लागली. गेली कित्येक वर्षं ती त्याच जागी बसते, मान खाली घालून गजरे ओवत असते.

"सार, खींचा नै कोई," ती म्हणाली. "अम्मा खुद निकालके दिए."

"चेहरा देखे तुम उसका?"

"नै देखी. मैं हाथां देखती. फूल लेनेवालों के हाथां इच दिखते मेरेको. अम्मा के हाथां देखी, एक-एक चूडी निकाले. उस आदमी के हाथां भी देखी. साफ नाखूनां. कागद की पुडी बांधा, एकदम सलीके से."

"अब हाथां का मैं क्या करूं, एल्लम्मा?" असं म्हणून मी हसलो आणि पुढे गेलो. ते हसणं मला फार महागात पडलं. म्हणजे मला नाही, दुसऱ्यालाच पडलं.

गल्लीच्या तोंडाशी नरसिंहलू इस्त्रीची गाडी लावतो. कोळशाची जड इस्त्री, डोक्यावर लिंबाचं झाड, बाजूला कपड्यांची गाठोडी. जनगावच्या अलीकडच्या एका खेड्यातून आलेला, मितभाषी माणूस. आमच्या दोन अपार्टमेंटांचे आणि दहा-बारा घरांचे कपडे त्याच्याकडेच. चित्र पोलिसांनी सेक्रेटरींना दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या ग्रुपवर आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या ग्रुपवर लिहिलं, हा तर आपला इस्त्रीवाला. मग आणखी आठ-दहा जणांना तेच दिसायला लागलं.

सेक्रेटरी आणि चार जण त्याच्या गाडीपाशी गेले. कॉलर धरून त्याला ओढलं, इस्त्रीतले निखारे रस्त्यावर सांडले, कुणाच्या तरी मुलीची शाळेची ओढणी जळली. त्याला ठाण्यात नेऊन बसवलं. बाईंचे दागिने गेले त्या वेळी नरसिंहलू याच लोकांच्या पँटींना इस्त्री करत होता, पण त्यातल्या एकालाही ते आठवलं नाही. इन्स्पेक्टर समजूतदार माणूस. त्यांनी शांतपणे विचारपूस केली आणि दुपारी त्याला घरी सोडलं. पण सोडून काय होतं? कपडे यायचे थांबले. ते चित्र या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जात जात त्याच्या गावी पोचलं. त्याच्या म्हाताऱ्या आईने फोन करून विचारलं, बाबा, तू केलंस काय? दुसऱ्या दिवसापासून तो रुमालाने अर्धा चेहरा बांधून गाडीपाशी उभा राहायला लागला. वैशाख होता, समोर कोळसा पेटलेला, आणि हा माणूस तोंड झाकून उभा.

मी त्याच्याकडे गेलो तो दोन शर्ट घेऊन. त्याने शर्ट घेऊन गाठोड्यावर ठेवले. रुमालाच्या वर कपाळ दिसत होतं, दोन आडव्या आठ्या. बाजूला कान. घरी येऊन जुनी रेखाटनवही काढली. दहावीच्या मुलांना व्यक्तिचित्र शिकवायचं असलं की मी आधी स्वतः कुणाचं तरी काढून बघायचो, आणि नरसिंहलू मला फार सोयीचा होता, कारण इस्त्री करताना तो मान हलवत नाही. वहीत त्याची सतरा रेखाटनं निघाली. तोच कान, तीच हनुवटी, त्याच आठ्या. बाईंनी जे सांगितलं नव्हतं ते माझ्या हाताने भरून काढलं होतं, आणि माझ्या हाताला त्या गल्लीतला एकच दांडगा, काळा चेहरा पाठ होता. सेक्रेटरी निदान उघड बोलले तरी. मी तेच पेन्सिलीने बोललो होतो, आणि वर त्याला कला म्हणत होतो.

मी तडक ठाण्यात गेलो. "साहेब, वो तस्वीर गलत है," मी म्हणालो. "वापस लेलो." त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "सार, तस्वीर आपकी है, बयान अम्मा का है. अम्मा बोलें तो वापस लेता. और तब तक मैं किसको ढूंढूं, वो भी बताओ."

वाटेत एल्लम्माकडे थांबलो. हसल्याबद्दल माफी मागितली. तिने गजरा ओवणं न थांबवता तीच हकीगत पुन्हा सांगितली, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. त्या दोन-तीन दिवसांत तिला कितीतरी जणांनी छेडलं होतं, तू पण चेहरा पाहिलाच असशील, हाच होता ना? कोपऱ्यावरची जागा जाईल अशी धमकीही कुणी दिली होती. "जो नै देखी वो कैसे बोलूं?" एवढंच ती सगळ्यांना म्हणत राहिली. वर्षानुवर्षं मी साक्षीदार पारखायचं काम केलं, आणि सगळ्यांत चोख साक्षीदार माझ्या घराच्या कोपऱ्यावर बसली होती.

मग बाईंकडे गेलो, मुलगा-सून कामावर गेल्यावर. या वेळी दार लावून घेतलं. त्यांची खुर्ची खिडकीशी ओढली. चहा मीच केला. पेन्सिल काढलीच नाही.

"बाई, त्या माणसानं तुम्हाला हाक काय मारली?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "आई."

"काय?"

"आई म्हणाला, मास्तर. मराठीत. 'आई, पुढं जाऊ नका, आत्ताच एकीची साखळी ओढलीय.' मी साध्या वेशातला पोलीस आहे म्हणाला. दागिने काढून कागदात बांधून पिशवीत ठेवा म्हणाला. नांदेडकडचा वाटला. मी विचारलंसुद्धा, कुठले बाबा तुम्ही?"

पुडी त्यानेच बांधून दिली. घरी येऊन उघडली तर आत खडे. हे लबाड लोक चाकू-सुरा बाळगत नाहीत. रोज आपण जे वाचतो, एकमेकांना पाठवतो, त्या भीतीच्या जोरावर त्यांचं भागतं. आणि आमच्या शहरात अनोळखी माणूस रस्त्यात स्वच्छ मराठी बोलला की आमचं भान जातं. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे कळायचं नाही. आम्ही त्याला घरी बोलावतो, पोहे खायला घालतो, कुठल्या गावचे, कुणाकडचे, हे विचारत सुटतो. बाईंनी बांगड्या काढून दिल्या त्या पोलिसाला नाही, मराठीला दिल्या.

"मग सुरा कशाला सांगितलात?"

"मुलानं मला एकटीला बाहेर सोडलं असतं का पुन्हा?" त्या म्हणाल्या. "हिसकावलं म्हटलं की दोष चोराचा. दिलं म्हटलं की म्हातारीला अक्कल उरली नाही. आणि चोर आपल्यातला निघाला हे कोणत्या तोंडानं सांगू, मास्तर? सगळे म्हणायला लागले बाहेरचा, काळा, दांडगा. मी हो म्हटलं. मला वाटलं, असा कुणी नसेलच, तर कुणाचं काय जाणार आहे."

"नरसिंहलूचं गेलं, बाई. आणि ते तुमच्या एकटीमुळं नाही. तो चेहरा मी घातला." मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी सतराच्या सतरा रेखाटनं पाहिली. एकेक पान उलटायला त्यांना वेळ लागत होता. शेवटी वही मिटली, डोळ्यांना पदर लावला आणि मग मला अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "पेन्सिल काढा."

त्या दुपारी त्यांनी माझं अर्धं खोडरबर संपवलं. नाही मास्तर, इतका रुंद नाही. भांग डावीकडून. डोळे हसरे, पण हसू तोंडापर्यंत येत नाही. पुसा. परत. शेवटी कागदावर जो आला तो बँकेच्या काउंटरवर बसलेला शोभेल असा नीटनेटका, गोरटेला गृहस्थ होता. काही महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला तो तीच युक्ती करताना पकडला गेला, आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "सार, वइच है. हूबहू." आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं चित्र ते. श्रेय बाईंचं.

पण ते नंतरचं. त्याच दिवशी बाई ठाण्यात गेल्या आणि जबाब बदलून आल्या. रविवारी सोसायटीची बैठक होती. मुलगा म्हणत होता, "आई, झालं ना आता पोलिसांत सांगून. चारचौघांत कशाला?" बाई म्हणाल्या, "त्याची कॉलर चारचौघांतच धरली ना?" आणि तिथे उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. मी दिलं. माझ्या हातानं दिलं. तो मराठी बोलत होता. मी खोटं बोलले. एका वाक्याला दुसरं वाक्य जोडून सारवासारव केली नाही. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं उभं केलं होतं, त्या दिवशी स्वतःला केलं. सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि नळाच्या पाण्याचा विषय काढला.

कपडे हळूहळू परत यायला लागले. बाई आणि मी दोघं नरसिंहलूकडे गेलो. बाईंनी हात जोडले. मी म्हणालो, तुझं चांगलं चित्र काढून देतो, रंगीत, चौकटीत बसवून. त्याने मान हलवली.

"नक्को सार. आपके हाथ से एक बार उतरा, बस है." मग इस्त्री बाजूला ठेवून म्हणाला, "यहां सबको मालूम होगया. गांव में किसको मालूम? वो फोटो वहां हर फोन में है. मेरी अम्मा पानी लाने नै जाती अब. मैं बोला तो कौन मानता?"

बाईंनी एवढंच विचारलं, "बस किती वाजता असते?"

मुलगा गाडी देतो म्हणत होता. बाईंनी घेतली नाही. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं बसने निघालो. बाई पुढच्या सीटवर, हातात पर्स घट्ट धरून, हातात एकही बांगडी नाही. नरसिंहलू मागे, रुमाल बांधून. दोन-अडीच तासांचा रस्ता. मी वाटेत एकदा विचारलं, "बाई, तेलुगूत जमेल का?" त्या म्हणाल्या, "चार वाक्यं पाठ केलीत. खरं सांगायला पुष्कळ झाली."

फाट्यावर उतरलो. चहाचं हॉटेल, पिंपळ, पाराभोवती दहा-पंधरा माणसं. नरसिंहलूला पाहून बोलणी थांबली. तो थेट घराकडे वळणार होता, पण बाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, आधी इथेच. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या आईला बोलावून आणलं. लहानखुरी, कमरेत वाकलेली म्हातारी. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोंग ईयन कादु." चोर हा नाही. "अबद्धं चेप्पिंदि नेने." खोटं बोलले ती मी. "तप्पु नादि." चूक माझी. चौथं वाक्य त्यांना आठवलं नाही. ओठ हलत राहिले, शब्द येईना, आणि मग त्या मराठीतच म्हणाल्या, "मला क्षमा करा, बाई." तिथे कुणाला मराठी कळत नव्हतं. पण म्हातारी पुढे आली आणि तिने बाईंचा मोकळा हात आपल्या हातात धरला. तो सोडला नाही.

एकाने माझ्याकडे बोट करून विचारलं, हा कोण? मी दखनीत म्हणालो, वो तस्वीर निकाला सो आदमी. गलत निकाला. मलाही मग लोकांनी नीट निरखून घेतलं. एवढ्या लोकांनी माझ्या चेहऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

हॉटेलवाल्याने न सांगता चार कप चहा आणून ठेवला. नरसिंहलूने रुमाल खाली ओढला, चहा प्यायला, आणि रुमाल सोडून खांद्यावर टाकला. तो परत बांधला नाही.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. ऊन आणि वारा सरळ तोंडावर घेत, बसमधल्या कुणीही बघावं असा चेहरा उघडा टाकून, तो गाढ झोपला. बाई त्याच्याकडे अधूनमधून वळून बघत होत्या. मी सगळा रस्ता ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसलो. तो चेहरा माझ्या हाताला पुन्हा पाठ व्हायला नको होता.